‘नोंद घेतली’ म्हणजे लोकसहभाग नव्हे

‘सूचनेची नोंद घेण्यात आली’ हे वाक्य सभांच्या इतिवृत्तांत मी स्वतः शेकडो वेळा लिहिले आहे. इतके निरुपद्रवी दिसणारे आणि इतके नुकसान करणारे दुसरे वाक्य प्रशासकीय भाषेत क्वचितच सापडेल.

काही वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या छोट्या शहरात मंडईच्या पुनर्रचनेसाठी लोकांची कार्यशाळा भरली होती. निधी केंद्राचा असल्याने मी तेथे उपस्थित होतो. टेबलांवर नकाशे, रंगीत चिठ्ठ्या, जेवणाची उत्तम सोय. एका भाजीविक्रेत्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून विचारले, की ज्या कोपऱ्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते, नेमके तेथेच आमचे ओटे का? सल्लागार म्हणाले, नोंद घेतली. निविदेची रेखाचित्रे तोवर तयार झाली होती आणि हे मला ठाऊक होते. तरीही ‘लोकसहभाग झाला काय?’ या रकान्यात ‘होय’ लिहून मी सही केली. पहिल्याच पावसाळ्यात ओटे पाण्याखाली गेले व विक्रेते पुन्हा रस्त्यावर बसले. सार्वजनिक पैसा वाया गेला, तो त्या ‘होय’मुळे.

माझे म्हणणे एवढेच आहे : आराखडा बदलण्याची शक्यता संपल्यानंतर भरवलेली कार्यशाळा हा समारंभ असतो, आणि अशा समारंभावर सरकारी पैसा खर्च करणे हा अपव्यय आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. उपयुक्त ज्ञान समाजात विखुरलेले असते, कोणत्याही एका मध्यवर्ती नियोजकाजवळ ते एकवटलेले नसते, हा मुद्दा हायेक यांनी १९४५ सालीच मांडला होता. पाणी कोठे साचते हे त्या बाईंना ठाऊक होते. आमच्या सर्वेक्षणाला नव्हते. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाच्या पायऱ्यांवर लोकांना केवळ वळवले वा समजावले जाते. निर्णयातील वाटा वरच्या पायऱ्यांवर मिळतो. आपल्या बहुतेक कार्यशाळा तळाशीच रेंगाळतात.

आपली नगररचना पद्धतीही याला पोषक आहे. आधी प्रारूप पूर्ण करायचे, मग ते प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या. मुंबईचा २०१५ चा प्रारूप विकास आराखडा रस्ते व वारसा वास्तू यांच्या नोंदींतील चुकांमुळे इतका वादग्रस्त ठरला, की त्याच वर्षी त्याची फेरतपासणी करावी लागली. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले व मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. ज्या चुका गल्लीतल्या माणसाने नकाशा पाहताच दाखवल्या असत्या, त्यांची किंमत वर्षांत मोजावी लागली.

उलट उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. केरळमध्ये १९९६ साली लोकनियोजन मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचा निर्णय आधी झाला. ग्रामसभा, विकास अहवाल, विकास चर्चासत्रे, कृती गट हे सारे त्यानंतर आले. निधी हाती येणार हे ठाऊक असल्याने चर्चेला वजन होते. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहराची पुनर्रचना नगररचना योजनांद्वारे झाली. रस्ते रुंद करण्यासाठी मालकांना जागेचा काही भाग सोडावा लागला. लहान भूखंडांतून कमी, मोठ्यांतून अधिक. मालकांसमोर मसुदे ठेवून, त्यांच्या हरकती ऐकूनच हे साधले गेले.

माझे सहकारी तीन आक्षेप घेतात. लोकांना नकाशा कळत नाही, हा पहिला. त्या बाईंना तो कळला होता. कामास विलंब होतो, हा दुसरा. मुंबईचे उदाहरण त्यास पुरेसे उत्तर आहे. सभा चार बोलके लोक बळकावतात, हा तिसरा, आणि तो खरा आहे. घरमालक बोलतो, भाडेकरू गप्प बसतो. पुरुष बोलतात, स्त्रिया मागे राहतात. पण यावर उपाय स्वतंत्र बैठका व प्रशिक्षित संचालक हा आहे. लोकांना वगळणे हा नव्हे.

म्हणून तीन अटी नियमांतच असाव्यात. कार्यशाळा निविदेपूर्वी व्हावी. किती रक्कम आणि कोणत्या बाबी लोकांच्या निर्णयाधीन आहेत, हे आरंभीच जाहीर व्हावे. अमान्य केलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने, स्थानिक भाषेत लिहून द्यावे. तिसरी अट माझ्या पेशाला सर्वांत जड जाईल, म्हणूनच ती सर्वांत आवश्यक आहे.

बडोदे, इंदूर, दिल्ली अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी वाचक हे वाचत असतील. परप्रांतात आहोत म्हणून नगरपालिकेच्या सभेत गप्प बसण्याची सवय आपल्याला लागली आहे. ज्या गल्लीचे पाणी आपल्या उंबऱ्याशी येते, त्या गल्लीचे आपण रहिवासी आहोत. पुढच्या वेळी कोणी ‘नोंद घेतली’ म्हणेल, तेव्हा त्याला विचारा : आराखड्याच्या कोणत्या पानावर?