गिधाडाची पायरी

संख्येनें थोडा तोच प्राणी संकटांत, असा पुष्कळांचा समज असतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ १९६४ पासून जी ‘लाल यादी’ ठेवतो तिचा न्याय निराळा आहे. प्रौढ जीव ५० हून कमी उरले, तर ती जाति ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते, हें खरें. परंतु लाखोंनीं असलेली जाति, कारण चालूच असतां, दहा वर्षांत वा तीन पिढ्यांत (जो काळ मोठा तो धरावा) शेंकडा ८० घटली, तरीहि तिला तीच पायरी मिळते.

आम्हांस हा न्याय रास्त वाटतो. पांढऱ्या पाठीचें गिधाड गांवोगांव मेल्या ढोरांवर दिसे. तें मोजावें असें कोणास वाटणार? भरतपुरास मात्र जुने आंकडे टिपलेले होते, म्हणून १९९० नंतरचा ऱ्हास उमगला. २००० सालीं तें अतिसंकटग्रस्त ठरलें. गुरांस टोंचलेलें डायक्लोफेनॅक हें औषध त्याच्या मुळाशीं आहे, हें २००४ सालीं उघड झालें. जनावरांसाठीं त्यावर बंदी आली २००६ सालीं. तोंवर बहुतेक थवे संपले होते.

चिमणी आज यादींत सर्वांत निर्धास्त पायरीवर आहे. आमच्या मतें शाळेनें तिची मोजणी याच वर्षापासून, एका ठराविक तारखेस, वहींत मांडावी.