खोलीभाड्याची कात्री

दोन लाख बासष्ट हजारांचे बिल, विमा पाच लाखांचा, आणि दाव्यानंतर बँकेत जमा झाले एक लाख नव्वद हजार. अशा वेळी घरातील ज्येष्ठांचा पहिला समज असा होतो की आपण कागद जोडण्यात काही चुकलो, किंवा कंपनीने फसवले. बहुधा दोन्ही खरे नसते. कात्री लागलेली असते ती दाखल होतानाच, खोली निवडण्याच्या त्या दोन मिनिटांत.

जुन्या पॉलिसींपैकी अनेकींत खोलीभाड्याला मर्यादा असते; बहुतेकदा ती विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर दिवसाला 5,000 रुपये. आईला जरा शांतता मिळावी म्हणून मुलगा 8,000 रुपयांची स्वतंत्र खोली घेतो. चार दिवसांचा फरक बारा हजार, तो आपण सोसू, असा त्याचा हिशेब असतो. कंपनीचा हिशेब मात्र निराळा असतो. आठातले पाच, म्हणजे साडेबासष्ट टक्के, हे प्रमाण ती केवळ भाड्याला लावून थांबत नाही. शस्त्रक्रियागृह, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या भेटी यांच्या शुल्कालाही लावते. हे शुल्क एक लाख साठ हजार असेल, तर मंजूर होतात एक लाख. बारा हजारांची कपात अशा रीतीने बहात्तर हजारांवर जाते. हिला प्रमाणशीर कपात म्हणतात.

यामागे तर्क नाही असे नाही. पुष्कळ रुग्णालयांत खोली जितकी महाग, तितके त्याच शस्त्रक्रियेचे शुल्कही चढते. शल्यविशारद तोच, टेबलही तेच, तरीही. (ही प्रथा कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न या सदराबाहेरचा, मला तरी ती पटत नाही.)

मात्र या कात्रीलाही मर्यादा आहेत, आणि त्या फार थोड्या वाचकांना ठाऊक असतात. विमा नियामक प्राधिकरणाने 2020 साली काढलेल्या सूचनांनुसार औषधे, बसवलेली उपकरणे, म्हणजे कृत्रिम सांधा किंवा हृदयातील स्टेंट, आणि तपासण्या यांच्या खर्चाला प्रमाणशीर कपात लावता येत नाही. वर सांगितलेल्या बिलातील उरलेले सत्तर हजार या खर्चांचे होते, म्हणून ते पूर्ण मिळाले. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही ही कपात लावता येत नाही. त्याची स्वतंत्र दैनिक मर्यादा पॉलिसीत असेल, तर तेवढी लागू होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार दर बदलतच नाही, तेथे प्रमाणशीर कपात करण्यास मनाई आहे. लहान गावांतील कित्येक रुग्णालये या प्रकारात मोडतात. तेव्हा आपल्या रुग्णालयाचे दर सर्व खोल्यांसाठी समान असतील, तर तसे पत्र त्यांच्या शिक्क्यासह मागून घ्यावे आणि दाव्यासोबत जोडावे. एका कागदाने मोठा वाद मिटू शकतो.

रक्कम कमी आली, तर फोनवर भांडण्यात शक्ती घालवू नये. प्रत्येक कपात कोणत्या बाबीवर आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार केली, याचा तपशील लेखी मागावा. तो हाती आला की बिल शेजारी ठेवून, पेन्सिल घेऊन बसावे. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत; सहभागाची अट असेल, तर तो टक्काही आपल्यालाच सोसावा लागतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण औषधांच्या किंवा तपासण्यांच्या ओळीसमोर प्रमाणशीर कपात दिसली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. प्राधिकरणाच्या 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

रुग्णाईताच्या सेवेत असणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. दाखल करण्याची वेळ रात्री-अपरात्री येते आणि तेव्हा पॉलिसीची पाने कोणी उलटत नाही. म्हणून आजच ती काढून खोलीभाड्याची आणि अतिदक्षता विभागाची मर्यादा एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहावी आणि विम्याच्या कार्डाला जोडून ठेवावी. भरतीच्या खिडकीपाशी ‘कोणती खोली हवी?’ असे विचारले गेले की आधी चिठ्ठी पाहावी. पॉलिसीचे नूतनीकरण जवळ आले असेल, तर ही मर्यादा काढून टाकण्यास किती जादा हप्ता पडेल, तेही एजंटाला विचारून पाहावे.