टंचाई प्राध्यापकांची नव्हे, पदांची

जून उजाडला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एकाच साच्यातील जाहिराती दिसू लागतात. अमुक विषयांसाठी तासिका तत्त्वावर अध्यापक नेमणे आहेत. मुलाखतीस मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे. त्या दिवशी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात जमणाऱ्यांत नेट-सेट उत्तीर्ण असतात, पीएच.डी. झालेले असतात, आणि त्याच इमारतीत आठ-दहा वर्षे शिकवून दरवर्षी नव्याने मुलाखत देणारेही असतात. मुलाखत घेणारे त्यांना नावानिशी ओळखतात. तरीही नाव, गाव, शिक्षण सारे रीतसर विचारले जाते. एप्रिलमध्ये संपलेली सेवा पावसाळ्यात पुन्हा 'सुरू' होते. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात राबणाऱ्या मजुराचा हंगाम निदान निसर्ग ठरवतो. या सुशिक्षित मजुराचा हंगाम शासननिर्णयाने ठरतो.

महाविद्यालयांत प्राध्यापकांचा तुटवडा आहे, असे मंत्री सांगतात, कुलगुरू सांगतात, संस्थाचालकही सुस्कारा टाकून सांगतात. टंचाई या शब्दाचा अर्थ खानदेशला कोणी समजावून सांगायला नको. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा या तालुक्यांनी टंचाईत टँकरच्या फेऱ्या मोजत दिवस काढलेले आहेत. टँकरची फेरी एकदा सुरू झाली की विहीर खोदण्याची घाई कोणालाच उरत नाही, कारण फेरीवर अनेकांचे भागते, हेही त्या गावांना ठाऊक आहे. उच्च शिक्षणात नेमके हेच चालले आहे. तासिका तत्त्व हा टँकर आहे, आणि तो येतो म्हणूनच विहीर खोदली जात नाही. फरक एवढाच की येथे पाणी जमिनीच्या पोटात गडप झालेले नाही. ते व्हरांड्यात फाईल काखेत धरून उभे आहे.

ही टंचाई कशी निर्माण केली गेली, याचा हिशेब अवघड नाही. मे २०१७ मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतील पदभरती थांबवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त जागांपैकी ४० टक्के भरण्यास मुभा दिली. ती पदे होती ३,५८०. म्हणजे त्या वेळी सुमारे नऊ हजार जागा ओस पडल्या होत्या, आणि उरलेल्या ६० टक्क्यांविषयी मौन होते. मंजूर ३,५८० पैकीही २,०८८ पदे तशीच राहिली आणि त्यांना पुन्हा परवानगी मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात प्राध्यापक निवृत्त होण्याचे काही थांबले नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हा नियम सर्रास मोडला गेला. त्यावर आयोगाने जानेवारी २०२५ च्या मसुद्यात उपाय सुचवला तो असा की, ही मर्यादाच काढून टाकावी!

आता मोबदल्याकडे वळू. तासाचा दर २०१८ मध्ये पदवी वर्गासाठी ५०० रुपये ठरला, २०२१ मध्ये ६२५ झाला, आणि २०२३ च्या वाढीनंतर तो हजाराच्या घरात गेला. वरकरणी हा आकडा बरा वाटतो, आणि तो बरा वाटावा म्हणूनच तासाच्या भाषेत सांगितला जातो. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा आहे. वर्षात अध्यापनाचे आठवडे तीस. तासाला पुरते हजार रुपये धरले आणि एकही तास सुट्टीत, निवडणुकीत किंवा परीक्षेत बुडाला नाही असे मानले, तरी वर्षाची कमाई दोन लाख सत्तर हजार होते. महिन्याला साडेबावीस हजार. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या नवनियुक्त पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. खुद्द आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार रुपये असा दर सुचवला होता. महाराष्ट्र शासनाला आयोगाची शिस्त आवडते, दर आवडत नाही.

शिवाय हे पैसेही दर महिन्याला हाती पडत नाहीत. देयके महाविद्यालयाकडून सहसंचालकांच्या कार्यालयाकडे जातात, त्रुटी लागून परत येतात, अनुदानाची वाट पाहतात. वाणी उधारी थांबवतो, घरमालक दारात उभा राहतो, आणि सत्राचा मोबदला सत्र संपल्यावर एकरकमी येतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेणाऱ्या अध्यापकाला प्रवासखर्च मात्र रोजच्या रोज रोखीनेच करावा लागतो.

तासाच्या हिशेबात आणखी एक लबाडी आहे. तास म्हणजे फळ्यापुढचा वेळ. त्याआधीचे वाचन, नंतरची वह्या-तपासणी, प्रवेशाच्या काळातील समुपदेशन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, मूल्यांकन समिती येणार म्हणून रात्री बसून रंगवलेल्या फायली, यांपैकी कशालाही दर नाही. नकार देण्याचे स्वातंत्र्यही नाही, कारण पुढच्या जूनची मुलाखत डोळ्यांपुढे असते. ज्याला नकार देता येत नाही अशा श्रमाला वेठ म्हणतात. पदव्यांची लांबलचक माळ गळ्यात असल्याने तिचे नाव बदलत नाही.

खानदेशला हे अधिक झोंबायला हवे. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले ते प्रताप शेठजींच्या औदार्यातून. त्याच गावी १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शाळेत शिकवीत होते आणि छात्रालय सांभाळीत होते. मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक काढीत. त्या दैनिकाचे किती तास धरावेत? आजारी मुलाच्या उशाशी बसून काढलेल्या रात्रीचा दर काय? शासनाच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही. गुरुजींचे नाव घेऊन शिक्षकाला त्यागाचे पाठ देणाऱ्यांची मात्र वाण नाही. गुरुजींनी त्याग स्वतः होऊन केला होता. त्यांच्यावर तो शासननिर्णयाने लादलेला नव्हता. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, ते उचितच झाले. ज्या बाईने अक्षरओळख नसताना श्रमाचे मोल शब्दांत मांडले, तिची कविता शिकवणाऱ्याच्या श्रमाचे मोल मात्र तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या परिसरातही तासागणिक केले जाते.

यात नुकसान केवळ अध्यापकाचे नाही. चोपडा, यावल, साक्री, शिरपूर येथील महाविद्यालयांत पाड्यांवरून आणि वस्त्यांवरून येणारी मुले घराण्यातील पहिली पदवीधर असतात. त्यांच्याकडे खाजगी शिकवणी नाही, घरात पुस्तक नाही. त्यांचा सारा आधार वर्गातील माणूस. तो ऑगस्टमध्ये आला आणि एप्रिलमध्ये गेला, तर शंका कोणाला विचारायची? सधन घरातील मुले केव्हाच पुण्या-नाशिकला गेली आहेत. रिक्त जागांचा खरा भार उरलेल्यांवर पडतो, आणि ते गप्प असतात म्हणून शासनाचे फावते.

संस्थाचालक सारा दोष शासनावर ढकलून मोकळे होतात. पूर्णवेळ जागा निघालीच तर तिचा 'भाव' काय, याची चर्चा गावोगाव उघडपणे चालते. दहा वर्षे तासिकेवर राबलेल्या अध्यापकाजवळ तो भाव नसतो.

न्यायालयांनी आपले मत सांगून ठेवले आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग या खटल्यात २०१६ मध्ये म्हटले. गुजरातमधील ३० हजार रुपयांवर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सुनावले की समारंभात गुरूंचे स्तोत्र म्हणून भागत नाही; सन्मान वागणुकीतून दिसला पाहिजे. पण निकाल कपाटात राहतो. तो रस्त्यावर आणावा लागतो.

हंगामी कामगाराचे बळ हंगामातच असते, ही गोष्ट अमेरिकेतील पार्क सिटी येथे बर्फावरच्या खेळाच्या ठिकाणी दिसली. तेथील सुमारे दोनशे हंगामी सुरक्षा-कर्मचाऱ्यांनी २०२४ च्या डिसेंबरअखेरीस, नाताळच्या ऐन गर्दीत संप केला. अनेक उतार बंद राहिले, पाहुणे संतापले, आणि तेरा दिवसांत बलाढ्य कंपनीला ताशी २१ डॉलरचा प्रारंभिक दर २३ करावा लागला. तासिका अध्यापकाचा नाताळ म्हणजे परीक्षांचा काळ. परंतु एकट्याने उभे राहिल्यास जूनमध्ये त्याची जागा दुसऱ्याला मिळेल, याची त्याला खात्री असते. येथे पूर्णवेळ प्राध्यापकांच्या संघटनांचे उत्तरदायित्व सुरू होते. २०१३ मध्ये त्यांनी परीक्षांवर बहिष्कार टाकून तीन महिने राज्य हलवले होते. २०१८ च्या सप्टेंबरातील संपात त्यांनी रिक्त पदांचा आणि तासिका अध्यापकांचा प्रश्न मागणीपत्रात घेतला, तेव्हा महिन्याभरात ३,५८० पदांची मंजुरी आणि वाढीव दर दोन्ही पदरात पडले. त्यानंतर हा धागा का सुटला, हे संघटनांनी स्वतःला विचारावे. आपला पगार बँकेत वेळेवर जमा होत असला की शेजारच्या खुर्चीवरील माणूस दिसेनासा होतो. हा दोष केवळ प्राध्यापकांचा आहे असेही नव्हे.

दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना जूनपर्यंत करता येण्याजोगे एक काम आहे. प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, तासिकेवर किती जण आणि त्यांची देयके कोणत्या महिन्यापासून थकलेली आहेत, ही माहिती अधिकारात मागवावी आणि ती यादी महाविद्यालयाच्या फाटकावर, मुलाखतीच्या दिवशी, पालकांच्या सह्यांसह लावावी. मागणी एकच असावी: बारा महिन्यांचे मासिक वेतन, आणि रिक्त पदांवर कामाचा अनुभव धरून भरती.