रकान्यातील तारीख

मार्चअखेरचे हिशेब हातावेगळे करून ताळेबंदाच्या सिद्धतेस लागलेल्या आमच्या व्यवसायबंधूंचे लक्ष आम्ही एका अशा बाबीकडे वेधू इच्छितो, की जी क्षुल्लक भासत असल्यामुळेच बहुतेक दप्तरांत ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपविली जाते. ती म्हणजे एक्सेलच्या रकान्यात तारीख कोणत्या रूपात दिसावी ही होय.

एक्सेलच्या लेखी तारीख हा केवळ एक क्रमांक आहे. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून ही गणना चालते, आणि तीनुसार महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, १ मे १९६०, हा २२०३७ वा ठरतो. (१९०० हे लीप वर्ष नसताही त्यातील २९ फेब्रुवारी या गणनेत धरलेली आहे, लोटस १-२-३ या पूर्वीच्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून ती चूक जाणूनबुजून कायम ठेवण्यात आली.) ‘फॉरमॅट सेल्स’मधील ‘कस्टम’ या सदरात आपण जी सांकेतिक अक्षरे लिहितो, ती या क्रमांकाचे दर्शनी रूप तेवढे ठरवितात, मूळ मूल्यास त्यांचा स्पर्शही होत नाही.

अनर्थाचा उगम येथेच आहे. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल आणि ४ मार्च २०२५ ची पावती आपल्या रिवाजाबरहुकूम ४/३/२०२५ अशी दाखल केली, तर यंत्र ती ३ एप्रिलची समजते आणि रक्कम बिनबोभाट पुढील आर्थिक वर्षात जाऊन बसते. २५/३/२०२५ ही नोंद, पंचविसावा महिनाच नसल्यामुळे, निव्वळ मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेस राहते व सावध नजरेस सापडते तरी. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतील नोंदींची चूक मात्र उजळ माथ्याने वावरते. मागाहून रूप कितीही पालटले तरी ती दुरुस्त होत नाही.

म्हणून महिना अंकांत दाखविण्याचा प्रघात सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिवसासाठी दोन डी, महिन्यासाठी तीन एम आणि वर्षासाठी चार वाय योजिले, की महिन्याचे नाव अक्षरांत उमटते आणि मार्चचा एप्रिल झालेला नोंद करतानाच दिसतो. वर्ष दोन अंकांत लिहिल्यास शतक कोणते, हे यंत्र परस्पर ठरविते. मुदतठेवींच्या तक्त्यात ही जोखीम कोणी पत्करू नये.

२०२४-२५ ची कीर्द बंद करण्यापूर्वी तारखांचा रकाना एकवार ‘जनरल’ स्वरूपात पाहावा. ४५३८३ ते ४५७४७ या मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा, आणि आकडा न होता जसाच्या तसा राहिलेला प्रत्येक मजकूर, मूळ पावतीशी ताडून पाहिल्यावाचून ताळेबंदावर सही करू नये, अशी आमची सर्व हिशेबतपासनिसांस आग्रहाची विनंती आहे.