राजहंस न झालेला पक्षी

आज रात्री मुलांना कोणती गोष्ट सांगणार आहात? रूपापेक्षा मन मोठं, हे सांगायचं असेल तर बहुतेकांना ते बदकाचं कुरूप पिल्लूच आठवतं. अँडरसनची ही १८४३ सालची गोष्ट गदिमांच्या ‘एका तळ्यात होती’ या गाण्यामुळे आपल्या घराघरांत पोहोचली. गोड आहेच ती. पण शेवट जरा नीट पाहा. त्या पिल्लाचं दुःख संपतं कधी? ते राजहंस निघाल्यावर! म्हणजे शेवटी रूपच जिंकलं की हो. मोठं होऊनही जे कुरूपच राहिलं असतं, त्याचं काय?

अशा पक्ष्याची गोष्ट दिल्लीत खरोखर घडली आहे.

मयूर विहारच्या नावात मोर असला, तरी मान वर केली की दिसते ती घार. फेज तीनपासून जवळच गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आहे, त्यावर त्या घिरट्या घालत असतात. मोराला १९६३ पासून राष्ट्रीय पक्ष्याचा मान, आणि घारीच्या वाट्याला आपली ‘शी!’ मळकट तपकिरी पिसं, आकडीसारखी चोच, खाणं उकिरड्यावरचं. (जनाबाईंनी मात्र आईच्या मायेला दाखला दिला तो घारीचाच. हे मुलांना जरूर सांगा.)

१५ ऑगस्टच्या सुमारास दिल्लीचं आभाळ पतंगांनी भरतं. काचेची पूड लावलेला मांजा उडत्या घारीच्या पंखात अडकतो आणि पंख चिरून काढतो.

नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दिल्लीच्या दोन भावांना तरुण वयात अशीच एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्यात नेली, तर तिथे नकार मिळाला, कारण ती मांस खाणारी! पुढे या भावांनी घरीच उपचार सुरू केले. त्यांचा धंदा साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा. तळघरात एकीकडे ते काम आणि शेजारीच खोक्यांत बसलेल्या घारी. पंख शिवायला ते हळूहळू शिकले. आजवर हजारो पक्षी त्यांच्या हातून गेले. शौनक सेन यांनी त्यांच्यावर काढलेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कान महोत्सवांत गौरवला गेला, २०२३ मध्ये ऑस्करच्या नामांकनातही होता.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की बरी झालेली घार घारच राहते. ती आभार मानत नाही. उपचार करणाऱ्यालाच नख्या मारते, आणि पंखात बळ आलं की उडून जाते. “मग त्या काकांना काय मिळालं?” असं तुमचं मूल नक्की विचारेल. उत्तराची घाई करू नका. त्यालाच विचारा.

आणि कधी तुमच्याच बाल्कनीत अशी घार पडलेली दिसली, तर मुलांना थोडं लांब उभं करा. मोठ्या माणसाने तिच्यावर जाड चादर टाकावी, म्हणजे नख्या लागत नाहीत. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. अडकलेला मांजा ओढू नका, चोचीत बळेच पाणी घालू नका. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना फोन लावा, आणि मांसाहारी पक्षी घेता का, हे आधी विचारून घ्या.