‘चमत्कारी’ औषधाचा अर्धा इतिहास

१/ कॉर्टिसोनचा इतिहास विजयगाथा म्हणून सांगितला जातो. ही गाथा अर्धवट आहे, आणि औषधांचा अर्धवट इतिहास जिवावर बेततो.

२/ २१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या संधिवाताने जखडलेल्या रुग्णेस कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन मिळाले. काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. गाथा इथेच संपवली जाते.

३/ पुढचे पान का वगळायचे? हे औषध सूज उतरवते, ते प्रतिकारशक्ती दडपून. पहारेकरी निजतो, ताप आणि सूज मावळल्याने संसर्गाची वर्दीही मिळत नाही. वर्षानुवर्षे सुप्त असलेला क्षयाचा जिवाणू अशाच वेळी डोके वर काढतो.

४/ मग औषध दोषी? मुळीच नाही. २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही.

५/ दोषी आहे तो ‘चमत्कार’ हा शब्द. तो मात्रा विचारत नाही, मुदत विचारत नाही, आधी क्षयाची तपासणी झाली का, हेही विचारत नाही. इतिहास सांगणाऱ्याने तरी तो वापरू नये.