पाण्याची वाट मोकळी करा

बोदवड तालुक्याचे नाव निघाले की पहिल्यांदा आठवते ती पाणीटंचाई. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार, यावर तेथील गृहिणीच्या दिवसाचा क्रम ठरतो. याच परिसरात पावसाळ्यातील एखाद्या रात्री आभाळ फाटते, दक्षिणेच्या उंचवट्यावरून पूर्णा-तापीकडे धावणारे नाले काही तासांत दुथडी भरतात आणि सकाळी गावचा रस्ता जागेवर राहत नाही. तहान आणि पूर एकाच गावाच्या नशिबी यावेत, याला केवळ निसर्गाचा कोप म्हणून हात झटकता येणार नाहीत.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच जळगाव जिल्ह्याने त्याचे उग्र रूप पाहिले. तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात हाहाकार उडाला. कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. महामार्गाची कोंडी झाली की राजधानीपर्यंत बातमी पोहोचते. खेड्याचा रस्ता तुटतो तेव्हा मात्र बाळंतपणासाठी निघालेली माउली, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले आणि बाजारपेठेत न पोहोचलेला कापूस यांची नोंद कोण घेतो?

रस्ता का वाहून जातो, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. खानदेशची काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावरचा रस्ता मुळातच नाजूक. त्यात हा रस्ता नाल्याच्या वाटेवर आडवा घातलेला भराव असतो. खालच्या मोरीचे नळ अरुंद, तेही गाळाने आणि पऱ्हाटीने तुंबलेले. पाणी तटते, रस्त्यावरून उसळते आणि भराव कापून नेते. मग पंचनामा होतो, निधी येतो आणि तेवढ्याच तोंडाची मोरी पुन्हा बसविली जाते. पुढील पावसाळ्यात ये रे माझ्या मागल्या! ही दुरुस्ती नव्हे, तर पुढच्या नुकसानीची तयारी आहे.

दोष एकट्या शासनाच्या माथी मारणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. बांध सरकवत नाल्याचे पात्र कुणी गिळले? शेतात गाडी उतरावी म्हणून रस्त्याकडेच्या चाऱ्या कुणी बुजविल्या? पाणी आपली वाट विसरत नाही; विसरतो तो माणूस.

बोदवडची उपसा सिंचन योजना पूर्णेच्या पुराचे पाणी उचलण्यासाठीच आखली गेली. नदीतील पूर संपत्ती मानायचा आणि शिवारातील पूर संकट म्हणून वाहू द्यायचा, ही विसंगती आहे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूर तालुक्यातील नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभारली. प्रत्येक गावचा भूस्तर निराळा असल्याने तिचे आंधळे अनुकरण नको. परंतु धावत्या पाण्याला थांबवून मुरविण्याची दृष्टी अवश्य घ्यावी.

म्हणूनच रस्त्याच्या अंदाजपत्रकात डांबराआधी पाण्याचा हिशेब यावा. मोरीचे तोंड पाणलोट मोजून ठरावे, पंचनाम्यात रस्ता तुटल्याचे कारणही नोंदले जावे आणि मृगापूर्वी नाले-मोऱ्यांची सफाई हे ग्रामसभेने आपले कर्तव्य मानावे. गाव संघटित झाले तर श्रमदानाचे दोन दिवस पुरतात. पुरात परस्परांना हात देणारा समाज आपल्याकडे आहेच. पुरापूर्वी एकत्र येणारा समाज घडविणे, हे आता आपल्या हाती आहे.